आतली कडी

२०१५च्या डिसेंबरात भिलाईत जुनवानीलगतच्या स्मृतिनगरात एका घराच्या परसात पोलिसांनी जमीन खणली आणि दीड महिना बेपत्ता असलेल्या माणसाचं प्रेत बाहेर काढलं. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतली माणसं चहाच्या टपरीवरसुद्धा दबक्या आवाजात बोलत होती. शेजारच्या काकी तांदळाच्या फऱ्यांची ताटली घेऊन आल्या. वीस वर्षांची ओळख, तरी आईनं आतूनच विचारलं, "कोण? नाव सांगा." मगच कडी निघाली.

काकींना नवल वाटलं, मला नाही. ही आईची पुण्याची सवय, शहात्तर सालची.

आईचं माहेर सदाशिव पेठेत. लग्न होऊन ती इकडे पोलादाच्या गावात आली ती नंतर. शहात्तरच्या जानेवारीत टिळक रोडच्या अभिनव कला महाविद्यालयातला एक मुलगा घरी परतलाच नाही. एका हॉटेलवाल्यांचा मुलगा. पेठेत जो तो म्हणे, गेला असेल मुंबईला, येईल चार दिवसांनी. आजीही तेच म्हणाली होती, हे आई आजही खाली मान घालून सांगते. मारण्याआधी मारेकऱ्यांनी त्याच्याकडून, घर सोडून जातोय, अशी चिठ्ठी लिहून घेतली होती, हे पुढे उघड झालं. मारेकरी त्याच्याच कॉलेजातले होते.

मग ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशींच्या घरातली तिघं मारली गेली. १ डिसेंबरला भांडारकर रोडवर संस्कृत व्याकरणाचे पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, दोन नातवंडं आणि घरकाम करणाऱ्या बाई अशी पाचही माणसं. शास्त्रीबुवा तेव्हा नव्वदीच्या घरात होते.

त्यानंतरचं पुणं आईनं मला इतक्यांदा सांगितलंय की मीच पाहिल्यासारखं वाटतं. दिवेलागणीला रस्ते ओस. आजोबांनी दाराला दुसरा आडणा ठोकून घेतला. आजी रात्री उशाशी वरवंटा घेऊन निजायची. मामा म्हणतो बत्ता होता. आईचा आणि त्याचा यावरून अजून वाद आहे. दूधवाल्यानं कडी वाजवायची नाही, हाक मारून नाव सांगायचं, असा वाड्याचा नियम झाला. आणीबाणीचे दिवस, पेपरांवर सेन्सॉर. त्यामुळे नळावर जे ऐकू येई तेच खरं. साडेसातलाच पिठलं-भात उरकायचा आणि सगळ्यांनी माजघरात एकत्र झोपायचं.

मार्च ७७मध्ये नदीत आणखी एका तरुणाचं प्रेत वर आलं, आणि थोड्याच दिवसांत हे सगळे खून करणारे जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शहा पकडले गेले. तेव्हा कुठे त्या पहिल्या मुलाचा पत्ता लागला. पेशवे पार्कच्या तळ्यात, लोखंडी पिंपात. सव्वा वर्ष तो तिथेच होता.

आई इथे नेहमी थांबते. कारण शहात्तरच्याच मे महिन्यात ती धाकट्या मामाला फुलराणीत बसवायला पेशवे पार्कात घेऊन गेली होती. मामानं दोनदा फेरी मारली. मग दोघांनी सारसबागेच्या गणपतीला नमस्कार केला आणि कागदाच्या पुडीतली भेळ खाल्ली, कैरी जास्त घालून. पुडीतली उरलेली कुरमुऱ्यांची चिमूट मामानं माशांना टाकली, तळ्यात.

२७ नोव्हेंबर १९८३ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. आई तेव्हा भिलाईत होती, मी कडेवर. बातमी ऐकून तिला सुटल्यासारखं वाटलं असेल, असं मला वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाली, "फाशीचं काय रे. वर्षभर सगळी पेठ 'येईल परत' म्हणत राहिली. त्याच्या आईजवळ जाऊन बसायला आमच्या घरून कुणी गेलं नाही."