सेलोफेनच्या तुकड्याची कुळकथा

मूल झोपेत दात खातंय, सारखं गोड मागतंय, खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणजे पोटात जंत झालेत. आपल्या घरांत हे निदान पिढ्यान्‌पिढ्या असंच होत आलं, आणि त्यावर वावडिंग किंवा पळसपापडी दिली जायची. पण दात तर जंत नसलेली मुलंही खातात, आणि जंत असलेली कितीतरी मुलं कसलीच तक्रार करत नाहीत. खात्री करायची तर शौचात जंतांची अंडी शोधावी लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली तेच करत आले आहेत.

मात्र अंडी आहेत की नाहीत, एवढ्यानं भागत नाही. गोल जंत किंवा अंकुशकृमी माणसाच्या पोटात राहून आपली संख्या वाढवत नाहीत. त्यांची अंडी बाहेर पडून मातीत वाढावी लागतात, आणि ती किंवा त्यांतून निघालेल्या अळ्या पुन्हा माणसात शिराव्या लागतात. म्हणून कुणाच्या पोटात चार जंत असतात, कुणाच्या पोटात शेकडो. मोजक्या अंकुशकृमींनी धडधाकट माणसाचं फारसं बिघडत नाही; पुष्कळ झाल्या तर त्या रक्त पिऊन माणसाला पांढराफटक करतात. तेव्हा खरा प्रश्न ‘किती’ हा आहे. १९२३ साली अमेरिकेच्या नॉर्मन स्टॉल यांनी शौच सौम्य कॉस्टिक सोड्यात कालवून अंडी मोजायची रीत काढली. रीत चांगली होती, पण हजारो माणसं तपासायला वेळखाऊ होती.

हजारो माणसं तपासायची निकड जपानला पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात गोल जंत होते. शेतांना मैल्याचं खत घालत, आणि त्याच शेतातली भाजी ताटात येई. शाळेतली मुलं काड्यापेटीतून नमुने आणत. नेहमीच्या पद्धतीत काचपट्टीवर जेमतेम दोन मिलिग्रॅम शौच मावतं, त्यामुळे थोडी अंडी असतील तर ती निसटतात. शौच जास्त घ्यावं, तर थर इतका जाड होतो की त्यातून काहीच दिसत नाही. काटो आणि मिउरा या दोघांनी १९५४ साली या अडचणीतून वाट काढली. त्यांनी काचेचं झाकण काढून टाकलं आणि त्याजागी ग्लिसरिनमध्ये भिजवलेला सेलोफेनचा तुकडा वापरला. ग्लिसरिन थरात मुरलं की तेल लागलेल्या कागदासारखा तो आरपार दिसू लागतो, आणि अंड्यांची कवचं तेवढी उठून दिसतात. ग्लिसरिनमध्ये थोडं मॅलाकाइट ग्रीन घालतात, म्हणजे हिरवट उजेडात तपासणाऱ्याचे डोळे शिणत नाहीत. दिवसभर वाकून अंडी शोधणाऱ्या माणसाचा विचार करून केलेली ही योजना मला फार मोलाची वाटते.

मोजणीची बाजू मात्र अजून कच्ची होती. ती ब्राझीलमध्ये पक्की झाली. तिथल्या मिनास जेराइस प्रांतात शिस्टोसोमा मॅन्सोनी या कृमीचा मोठा उपद्रव होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून ओढून आणलेल्या माणसांबरोबर ती तिथं पोचली आणि गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या आधारानं रुजली. (याच कुळातल्या एका कृमीचा प्रादुर्भाव १९५२ साली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात नोंदला गेला, तिथं अंडी लघवीत सापडत.) औषधानं कृमी किती घटल्या हे कळायला आधी आणि नंतर अंडी मोजणं भाग होतं. मिनास जेराइसमधल्याच बेलो होरिझोन्ते शहरातले नाफ्ताली काट्झ, शावेस आणि पेलेग्रिनो यांनी १९७२ साली सहा मिलिमीटर व्यासाचं भोक पाडलेली पुठ्ठ्याची साधी पट्टी वापरली. शौच जाळीतून गाळायचं, भोकात काठोकाठ भरायचं, पट्टी उचलायची. काचेवर दर वेळी सारखाच ऐवज उरतो. आजच्या प्रमाण पट्टीत तो ४१.७ मिलिग्रॅम भरतो. वर सेलोफेन दाबायचं, दिसतील तेवढी अंडी मोजायची आणि २४ नं गुणायचं. एका ग्रॅममधली अंडी हातात येतात. या रीतीला आज काटो-काट्झ म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेनं तीच प्रमाण मानली. गोल जंतांची ग्रॅममागे ५०,००० किंवा त्याहून जास्त अंडी म्हणजे भारी लागण. अंकुशकृमीसाठी ही रेषा ४,००० वर आहे.

या रीतीत दोष आहेतच. अंकुशकृमीच्या अंड्याचं कवच पातळ असतं. तासाभराच्या आत पाहिलं नाही, तर ग्लिसरिन त्यालाही विरवून टाकतं आणि आजारी माणसाच्या कागदावर ‘काही नाही’ असा शेरा पडतो. पातळ जुलाब असेल तर पट्टी कामाची नाही. अमीबा आणि जिआर्डिया या रीतीनं सापडत नाहीत. लागण हलकी असेल तर एका नमुन्यावर विसंबू नये.

भारतात १० फेब्रुवारी २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल मिळतं. दोन वर्षांखालच्या मुलांना अर्धी गोळी. प्रत्येक मुलाची तपासणी न करता गोळी दिली जाते, आणि ते योग्यच आहे. गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि तपासणीपेक्षा सोपी आहे. पण लागण २० टक्क्यांवर असेल तर वर्षातून एकदा, ५० टक्क्यांवर असेल तर दोनदा, हा जागतिक निकष आहे. तो लावायचा तर काही गावांत कुणीतरी अंडी मोजलीच पाहिजेत. मोजणी थांबली, तर आपण पुन्हा दात खाण्यावरून जंत ओळखू लागू.

या साऱ्याचा पाया आहे घरून येणारी डबी. लाजेपायी अनेक डब्या रिकाम्या परत जातात. तुमच्या गावात असं सर्वेक्षण आलं, तर सकाळचा ताजा नमुना त्याच सकाळी पोचवा.