रोगवाहक कीटक : ग्रामीण निरीक्षण व नियंत्रण

हिवताप, हत्तीरोग, काळा आजार इत्यादी रोगांचा प्रसार करणाऱ्या डास, वाळूमाशी प्रभृती कीटकांची गणना, त्यांच्या सवयींचा अभ्यास आणि त्यांचा बंदोबस्त करण्याची शास्त्रीय पद्धती. भारतात १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम व १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला.

जबलपूर येथे १९८४ साली स्थापन झालेली व आता राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था मध्य भारतातील आदिवासी इलाख्यांत हे कार्य करते.

पहाटे हातात विजेरी व चूषकनळी घेऊन कर्मचारी गोठ्याच्या व घराच्या भिंतींवर विसावलेले डास टिपतो, ते जातिवार निवडतो आणि प्रत्येक माणसामागे तासाला किती मिळाले याची दप्तरी नोंद करतो. डबक्यांत व ओढ्यांत पळी बुडवून अळ्याही मोजल्या जातात. सपाट मुलखात अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस, तर डोंगराळ अरण्यातील वाहत्या ओढ्यांकाठी अ‍ॅनॉफिलीस फ्लुव्हिआटिलिस ही हिवतापाची प्रमुख वाहक जात होय. २०१७ साली जबलपूरशेजारच्या मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांत हिवताप निर्मूलनाचा पथदर्शी प्रकल्प सुरू होऊन रुग्णशोध, तत्काळ उपचार, घरांतील फवारणी व कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या यांची सांगड घालण्यात आली.

जबलपूर शहरातील दीक्षितपुऱ्यासारख्या दाट मोहल्ल्यात मात्र साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा, डेंग्यू पसरविणारा एडिस डास हा मुख्य शत्रू असल्यामुळे, हौद, पिंपे व कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून घासणे आणि कोरडे ठेवणे, हाच तेथील सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो. फवारणीला कीटक प्रतिकारक्षम होतात. म्हणून केवळ फवारणीवर विसंबून चालत नाही; ग्रामस्थांचा सहभाग नसेल, तर कोणतीही तजवीज टिकाऊ ठरत नाही.