दोन गोळ्यांचं कूळ

मेडिकलवाले ज्याला नुसतं ‘किट’ म्हणतात, त्या पाकिटात पाच गोळ्या असतात. एक मिफेप्रिस्टोनची, २०० मिलिग्रॅमची. चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅमच्या. ही दोन औषधं एका घराण्यातली नव्हेत. मिफेप्रिस्टोन १९८० मध्ये फ्रान्सच्या रूसेल-युक्लाफ कंपनीत तयार झालं, आणि १९८८ मध्ये फ्रान्सने त्याला गर्भपातासाठी परवानगी दिली. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनला ते अडवतं. मिसोप्रोस्टॉल मात्र मुळात जठराच्या अल्सरवरचं औषध. गरोदर बाईने घेतल्यास गर्भ पडेल, हा त्यावरचा इशारा ब्राझीलमधल्या बायकांनी १९८०च्या दशकात उलट्या बाजूने वाचला. तिथे गर्भपाताला कायद्याने जवळजवळ बंदीच होती. काड्या-सुया घालून होणारे जीवघेणे संसर्ग त्यानंतर तिथे कमी झाले. म्हणजे निम्म्या किटचा उपयोग डॉक्टरांच्या आधी अडलेल्या बायकांनी शोधला, आणि त्याचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

आपल्याकडचा गर्भपाताचा १९७१ चा कायदा महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींतून आला. तेव्हा गर्भपात म्हणजे शस्त्रक्रियाच होती. मिफेप्रिस्टोनला भारतात २००२ मध्ये आणि एकत्रित किटला २००८ मध्ये परवानगी मिळाली, ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ६३ दिवसांपर्यंत. माझं म्हणणं या ६३ आकड्यावर उभं आहे: या गोळ्यांची सुरक्षितता तारखेवर आणि गरज पडली तर गाठता येणाऱ्या दवाखान्यावर अवलंबून असते. मुदतीत, पहिल्या गोळीनंतर २४ ते ४८ तासांनी पुढच्या चार घेतल्या, तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक बायकांचा गर्भपात पूर्ण होतो. पोटात कळा येणं, अंगावरून जाणं हे औषध काम करत असल्याचं लक्षण. पण ओळीने दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. गर्भपात अर्धवट राहिला तर पिशवी साफ करावी लागते. आणि गर्भ नळीत असेल तर किटचा काही उपयोग नसतो; नळी फुटली की बाई दगावू शकते. अंगात रक्त फार कमी असेल तरीही हा मार्ग घरी पत्करू नये.

म्हैसाळचं नाव काढून काहीजण म्हणतील, किटवर बंदीच बरी. मार्च २०१७ मध्ये तिथे गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेला आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. लिंग पाहून केल्या जाणाऱ्या गर्भपातांवरचा तो संताप रास्तच होता. पण सोनोग्राफीत लिंग खात्रीने कळायला साधारण बारा आठवडे उलटावे लागतात. किटची मुदत त्याच्या आधीच संपते. मुदतीनंतर कुणी लपूनछपून गोळ्या घेतं, हेही खरं, आणि धोका तिथेच वाढतो. मात्र कारवाईच्या धास्तीने दुकानदार किट ठेवेनासे झाले, की सहाव्या आठवड्यातली बाई हिंडता हिंडता दहाव्यात पोचते. २०१५ साली देशात झालेल्या अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपातांपैकी ७३ टक्के गोळ्यांनी, पण आरोग्य केंद्रांबाहेर झाले, असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं. बंदीने हे थांबणार नाही. चिठ्ठी आणि सल्ला तेवढा नाहीसा होईल.

जतसारख्या दुष्काळी, पसरलेल्या तालुक्यात हा प्रश्न अंतराचा होतो. मिरजेचं सरकारी रुग्णालय इथून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, आणि कर्नाटकच्या हद्दीला लागलेल्या गावांना त्याहून लांब. ऊसतोडीला फडावर गेलेल्या बाईला तर आपला डॉक्टरही जवळ नसतो. तिला किट देताना पाळीची तारीख विचारावी, शंका असल्यास सोनोग्राफी करावी, रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक सांगून ठेवावा, पंधरा दिवसांनी तपासणीला बोलवावं. आणि रक्त थांबेना म्हणून ती ग्रामीण रुग्णालयात आली, तर आधी उपचार सुरू करावेत. गोळ्या कुठून आणल्या ही चौकशी मागाहून करता येते.