फोटोतली आई

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बचत गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे मुलांना घेऊन सहलीला कुठे जायचं. आता जत्रेबरोबर थीम पार्कचं नावही घेतलं जातं. म्हणून आज आम्ही अशा ठिकाणांचा, आणि तिथे निघणाऱ्या फोटोंचा इतिहास सांगणार आहोत. त्या इतिहासात आई कुठे आहे, हेही आपण शोधू.

पाळण्यापासून सुरुवात करू. आपल्या जत्रेतला लाकडी पाळणा माणसं हाताने फिरवायची, हे आपल्यातल्या थोरल्या बायकांनी पाहिलेलं आहे. असे पाळणे फार जुने आहेत. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये तुर्कांच्या राज्यात, आजच्या बल्गेरियात, सणाच्या दिवशी मुलांना बसवून फिरवणारी चाकं पाहिली आणि लिहून ठेवली. पुढे १८९३ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचा लोखंडी पाळणा उभा केला. त्याला ३६ डबे होते आणि एका डब्यात ६० माणसं मावत. म्हणजे एका वेळी दोन हजारांवर माणसं आकाशात!

आपल्या मुंबईत मलबार हिलवर १९५२ साली कमला नेहरू पार्क झालं. तिथला म्हातारीचा बूट आठवतो ना? मुंबईची सहल झाली आणि बुटाच्या खिडकीत डोकावून फोटो काढला नाही, असं शाळकरी मूल विरळाच. दिल्लीत १९८४ मध्ये अप्पू घर सुरू झालं, मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड, आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका.

पण ज्याला आपण थीम पार्क म्हणतो, त्याची खरी सुरुवात अमेरिकेतल्या डिस्नेलँडची. ते १७ जुलै १९५५ रोजी उघडलं. वॉल्ट डिस्ने सांगायचे की ते आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या एका बागेत चक्रावर बसायला नेत. मुली घोड्यांवर गोल गोल फिरत आणि वडील बाकावर बसून राहत. तेव्हा त्यांच्या मनात आलं, आईबापांना आणि मुलांना मिळून मजा करता येईल अशी जागा का नसावी? मैत्रिणींनो, हा बाक लक्षात ठेवा. आपल्याला पुढे त्याचं काम आहे.

आता फोटोंकडे वळू. दीडशे वर्षांपूर्वी फोटो काढायचा म्हणजे कित्येक सेकंद अजिबात न हलता बसावं लागे. लहान मूल कसं बसणार? मग युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओत एक युक्ती करत. आई खुर्चीवर बसायची, तिच्या अंगावर डोक्यापासून कापड टाकायचं आणि तिच्या मांडीवर मूल ठेवायचं. आई मुलाला घट्ट धरून ठेवायची. फोटोत दिसायचं फक्त मूल, आणि मागे खुर्चीसारखा कापडाचा ढीग. असे फोटो आजही जपलेले आहेत. त्या कापडाखाली एक जिवंत बाई श्वास घेत बसली आहे, हे एकदा कळलं की नजर मुलावरून तिच्याकडेच जाते.

आपल्याकडेही बाईचा फोटो ही सोपी गोष्ट नव्हती. पडद्यातल्या स्त्रिया परक्या पुरुषासमोर बसणार कशा? म्हणून नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला फक्त स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारी बाईच होती, एक इंग्रज महिला. अर्थात ती सोय मोठ्या घरच्यांची. तुमच्या-आमच्या पणजीपर्यंत ती पोचली नाही.

घराघरात कॅमेरा नेला तो अमेरिकेतल्या जॉर्ज ईस्टमन यांनी. १८८८ मध्ये त्यांचा कोडॅक कॅमेरा आला. त्यात १०० फोटो निघत, आणि ते संपले की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी आला, तो तर मुलांच्याही हातात दिला गेला. कोडॅकच्या जाहिरातीत कॅमेरा घेतलेली तरुणी असायची. घरच्या आठवणी सांभाळणं हे बाईचं काम, असंच जणू ती सांगत होती. म्हणजे आई कापडाखालून निघाली ती थेट कॅमेऱ्यामागे गेली. फोटोत ती नाहीच!

आमच्या भागात मात्र कॅमेरा बाईच्या हाती फार उशिरा आला. जत्रेत फोटोवाला असायचा. मागे विमानाचा किंवा ताजमहालाचा रंगवलेला पडदा, पुढे नवं जोडपं नाहीतर कडेवरचं मूल. रोल मोजका, पैसे मोजके, म्हणून फोटोही मोजकेच. १९९३ पासून मतदार ओळखपत्रं निघू लागली. आमच्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्या आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बसल्या त्या तेव्हाच. आमच्या गटातल्या एका ताईंकडे त्यांच्या आईचा तेवढाच फोटो आहे. आई गेल्यावर तोच मोठा करून भिंतीवर लावला. ताई म्हणतात, "आई एवढी हसरी होती, पण फोटोत घाबरलेली दिसते."

मग आला मोबाईल. त्याचीही गोष्ट लेकराशीच जोडलेली आहे. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियात फिलिप कान यांना मुलगी झाली. त्यांनी दवाखान्यातच कॅमेरा, लॅपटॉप आणि फोन एकमेकांना जोडले आणि बाळाचा फोटो लगेच सगळ्यांना पाठवला. आज तेच काम आपण एका बोटाने करतो.

गेल्या वर्षी आम्ही गटाच्या सात-आठ जणी मुलांना घेऊन पार्कात गेलो. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, त्यामुळे लहानग्यांच्या आया त्यांना घेऊन खालीच थांबल्या. डबे, पाण्याच्या बाटल्या, ओले कपडे सांभाळत त्या बाकावर बसल्या. तोच बाक! परत आल्यावर बैठकीत सगळ्यांचे फोटो पाहिले. मुलं भरपूर होती. आया दिसल्या त्या अशा: कडेला एक हात, पदराचं टोक, जमिनीवर पडलेली सावली. एका सात वर्षांच्या पोराने विचारलं, "आई, तू आली नव्हतीस का?" सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या.

मैत्रिणींनो, गटाचा रुपया न् रुपया आपण वहीत लिहितो. नोंद नसेल तर उद्या कुणी विचारलं की सांगायला काही उरत नाही, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. फोटो हीसुद्धा नोंदच आहे. म्हणून गटाने ठरवलं आहे की सहलीत प्रत्येक आईचा तिच्या मुलांसोबत एक तरी फोटो निघालाच पाहिजे. दोघी-दोघींची जोडी करायची आणि एकमेकींचे फोटो काढायचे. "माझा अवतार बघ" म्हणून मागे सरकायचं नाही. मुलाला आईच्या केसांचं काही देणंघेणं नसतं.

आणखी एक. मोबाईल पडतो, भिजतो, बिघडतो, आणि फोटो जातात. वर्षातून चार-पाच फोटो तालुक्याच्या स्टुडिओतून छापून आणा. मागे नावं, गाव आणि तारीख लिहा. नाव लिहिताना फक्त "बाळूची आई" लिहू नका, स्वतःचं नाव लिहा.

पुढच्या सुट्टीत पाळण्यात बसा, घाबरून ओरडा, आणि तसाच फोटो निघू द्या.