फडातली हलगी

भारतानं हॉकीचा मोठा सामना जिंकला की एक गाणं हमखास कानावर येतं, 'चक दे इंडिया'. २००७ साली त्याच नावाचा सिनेमा आला, पोरींच्या हॉकी संघाचा. गाणं जयदीप साहनी यांनी लिहिलं, सलीम-सुलेमान यांनी चाल लावली, सुखविंदर सिंग यांनी म्हटलं. सिनेमातला संघ बनावट, पण गाणं खऱ्या संघाला असं चिकटलं की आता ते सुटत नाही. २०२१ च्या ऑगस्टात टोकियोला आपल्या पोरांनी जर्मनीला ५-४ नं हरवलं आणि ४१ वर्षांनी हॉकीचं ऑलिम्पिक पदक आणलं. आमच्या गावात हॉकीची काठी कुणाच्या घरी नाही, पण त्या दिवशी पारावर बसलेल्या प्रत्येक पोराच्या मोबाईलवर तेच गाणं.

मला तेव्हा वाटलं, खेळाला स्वतःचं गाणं असणं ही काही नवी गोष्ट नाही. आमच्या कुस्तीला ते कवाचं आहे. त्याला शब्द नाहीत, ते हलगीवर वाजतं. हॉकीच्या गाण्याचा लिहिणारा, चाल लावणारा, म्हणणारा सगळ्यांची नावं आपल्याला पाठ. फडातल्या ठेक्याखाली मात्र कुणाचंच नाव नाही. आजोबाचा हात बापाच्या हातात उतरला, बापाचा लेकाच्या, एवढीच त्याची नोंद.

शहरातल्या वाचकासाठी थोडं सांगतो. हलगी म्हणजे दीड-दोन वितीचं कडं. पूर्वी लाकडाचं असायचं, आता लोखंडी पट्टीचं. त्यावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवलेलं. एका हातात बारीक लांब काडी, दुसऱ्यात आखूड जाड टिपरू. वाजवायच्या आधी चिपाडाचा नाहीतर कागदाचा जाळ करून ती शेकावी लागते. कातडं गार असलं, हवा दमट असली की आवाज बसतो. शेकली की टणक बोलते, शिवारात दूरवर ऐकू जाते. कर्नाटकात तिला हलगे म्हणतात, तेलंगणातलं डप्पू तिच्याच भावकीतलं. कुस्तीतले शब्द बघा, पैलवान, उस्ताद, तालीम, दंगल, सगळे फारसी-अरबीकडून आलेले. आणि त्या दंगलीत वाजणारं वाद्य दक्षिणेकडचं. आमचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, मराठी, कानडी, तेलगू, उर्दू सगळे एका राज्यात. त्यामुळं आमच्या फडात असा मेळ बसला याचं नवल वाटत नाही.

एकच हलगी गावाला सगळ्या कामाला लागायची. दवंडीला हलगी, पोळ्याला बैलांच्या पुढं हलगी, नवरदेवाच्या वरातीला हलगी, मयतीलाही हलगी. पण ठेका प्रत्येकाचा वेगळा. घरात बसलेली म्हातारी आवाज ऐकून सांगायची, 'कोणी तरी गेलं बाई,' नाहीतर 'सरकारी माणूस आलेलं दिसतंय.' फडाचा ठेका कानावर पडला की पोरं जेवण टाकून पळायची.

आमचं गाव दुधना काठचं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फड. आमची जमीन काळी, ओली असली तर पायाला धरते, वाळली तर ढेकळं. म्हणून फड नदीच्या वाळूत, नाहीतर वखरून ढेकूळ फोडलेल्या रानात. आधी लेकरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग रुपयांच्या, आणि शेवटी मानाची. जोड लागायच्या आधी पैलवान फडाला चक्कर मारतो, त्याच्यापुढं हलगीवाले. ही चक्कर म्हणजे हाक आहे, या कोणी असेल तर. तेव्हा ठेका संथ, एकसारखा. सलामी झाली, हाताला हात लागला की थोडा चढतो. खडाखडी चालू असते तोवर वाजवणारा हात राखून वाजवतो. एकानं पट काढला, दुसरा खाली आला की टिपरू असं पळतं की बघणाऱ्याच्या छातीत धडधड व्हावी. डाव सुटला, दोघं पुन्हा उभे राहिले की ठेका पुन्हा खाली. म्हंजे हे गाणं आधी बसवून आणलेलं नसतं. ते कुस्तीबरोबरच तयार होतं आणि कुस्तीबरोबरच संपतं. माझ्या मते हॉकीच्या गाण्यात आणि यात खरा फरक हाच. ते जिंकल्यावर लागतं, हे जिंकेपर्यंत वाजतं.

असं आपल्याकडंच आहे असं नाही. पुतणीच्या लेकानं मला मोबाईलवर तुर्कस्तानातल्या कुस्त्या दाखवल्या. एदिर्ने शहराजवळ किर्कपिनारला दरवर्षी त्यांचा फड असतो. अंगाला तेल चोपडून, कातड्याची विजार घालून लढतात. बाजूला मोठा ढोल आणि झुर्ना नावाची सनई सारखी चालू. २०१० साली युनेस्कोनं त्या फडाला जगाच्या वारशाच्या यादीत घेतलं. थायलंडच्या मुष्टियुद्धातही वादक बाजूला बसून वाजवतात आणि रंग चढला की लय वाढवतात. गडी दमला की त्याला धक्का कानातून द्यायचा, हे दूरदूरच्या लोकांनाही कळलेलं होतं.

आता वाजवणाऱ्यांबद्दल. आमच्याकडं हलगी मातंग समाजाच्या हाती. दोरखंड वळणं आणि वाजवणं ही त्यांची गावकीची कामं. मोबदला बलुत्याचा, सुगीला खळ्यावरून धान्य. त्यात वाजवायचं का नाही हे विचारण्याची पद्धत नव्हती. जत्रा आली की वाजवायचं. फडात सगळ्यात पुढं हलगी आणि जेवणाच्या पंगतीत सगळ्यात शेवटी हलगीवाले, असा तो काळ. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यावर आमच्या गावच्या बौद्ध वस्तीनं मेलेली जनावरं ओढणं सोडलं, गावापुढं वाजवणंही सोडलं. मातंग वस्तीतली काही घरं तेवढी वाजवत राहिली, कारण हातात दुसरं काही नव्हतं.

यात एक गोष्ट लोक विसरतात. ज्या समाजाला गावानं फडाच्या कडेला बसवलं, त्याच समाजातले लहुजी वस्ताद साळवे पुण्यात तालीम चालवत होते. १७९४ चा जन्म, १८८१ ला गेले. जोतिराव फुल्यांनी दांडपट्टा वगैरे त्यांच्याच तालमीत शिकला. फडातला मान आणि फडाबाहेरचा मान यांचा हिशेब आपल्याकडं कधी जुळलाच नाही.

मी सातवीत असतानाची जत्रा मला चांगली आठवते. मानाची कुस्ती लागायची होती. बाहेरगावचा पैलवान लंगोट कसून उभा, आमच्या गावचा समोर. सलामी झाली आणि हलगी बंद. चौघंही खाली बसले आणि हलग्या मातीवर पालथ्या ठेवल्या. आदल्या सुगीची ठरलेली ज्वारी त्यांना मिळाली नव्हती. पंच ओरडले, कुणी शिव्या घातल्या, एक जण काठी घेऊन धावला. त्यांच्यातल्या थोरल्यानं मान वर न करता एवढंच म्हटलं, "आमी कुठं नाही म्हणलाव? ज्वारी आली की वाजवताव."

गावातले लोक म्हणाले, हलगीशिवाय लावा कुस्ती. तेव्हा तो बाहेरचा पैलवान म्हणाला, "मुक्या फडात मी हात लावत न्हाई." आणि जाऊन कडेला बसला. दिवस मावळतीला चाललेला, भोवती पाच-सात गावची माणसं. शेवटी आमच्या म्हाताऱ्या वस्तादानं दोन गडी घरी पाठवले, ज्वारीची पोती फडात आणून टाकली, तिथंच पायलीनं मोजून दिली. मग जाळ केला, हलग्या शेकल्या आणि कुस्ती लागली. ती बरोबरीत सुटली, पण त्या कुस्तीबद्दल कुणी बोलत नाही. लोक बोलतात पालथ्या हलग्यांबद्दल. पुढच्या सालापासून ज्वारी गेली, रोख रक्कम आली आणि तीही फड सुरू व्हायच्या आधी.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडची माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जाऊ लागली. त्यात हलगीवाल्यांचीही घरं होती. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पेठ. शाहू महाराजांनी १९१२ साली तिथं खासबागचं मैदान उभं केलं. तिकडच्या फडातली हलगी आणि घुमकं ऐकून आमची माणसं परत आली ती हातात नवे ठेके घेऊन. आमच्या म्हाताऱ्यांना ते रुचले नाहीत. 'लई उड्या मारतंय,' म्हणायचे. मला स्वतःला ते आवडले. आज आमच्या फडात जे वाजतं, त्यात अर्धं दुधना काठचं आणि अर्धं उसाच्या फडातून आलेलं आहे.

कुस्ती मातीवरून गादीवर गेली तशी हलगी मागं राहिली. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला गेले तेव्हा गादी त्यांना नवी होती, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तिथं शिट्टी आणि घड्याळ, ढोल नाही की हलगी नाही. वाद्यं वाजली ती ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी परत आले तेव्हा, शंभरावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीत. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून सुरू झाली. तिथं आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि शेवटची लढत गादीवर होते. गादीला नावं ठेवायचं कारण नाही. पोरांना जगात जायचं तर गादीच पाहिजे.

हलगीचं खरं नुकसान केलं ते भोंग्यानं. जत्रेच्या मिरवणुकीत डीजे आला. फडात माईक घेतलेला निवेदक देणगीदारांची नावं सारखी पुकारतो, त्याच्याखाली ठेका दबतो. हलगीचं कातडं जाऊन प्लास्टिकचा पडदा आला. त्याला शेकायचं काम नाही, पावसाळ्यातही वाजतो, पण आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा. एक मात्र बदललं. १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठ्यांच्या जयंतीला हीच माणसं स्वतःच्या मिरवणुकीपुढं हलगी वाजवतात. तेव्हाचा हात ऐकावा. कोणी बोलावलेलं नसतं, कोणाचं देणं नसतं.

ज्यांनी त्या दिवशी हलगी पालथी ठेवली, त्या चौघांतले सगळ्यात धाकटे अजून आहेत. पंचाहत्तरी ओलांडली. त्यांना मी मामा म्हणतो, ते मला अजून मालक म्हणतात, किती सांगितलं तरी. त्यांचा लेक चाकणला कंपनीत आहे. नातूही तिथंच लागलाय, पण सुट्टीत आला की हलगी हातात घेतो. पोराचा हात चांगला आहे, लग्नाच्या पथकात वाजवतो, पैसेही बरे मिळतात. मी म्हटलं, "मामा, नातू तुमच्या वरताण वाजवायलाय की."

"वाजवतंय, मालक. पण ते माणसाकडं बघून वाजवतंय. वरातीत चालतंय तसं. फडात पैलवानाच्या पायाकडं बघावं लागतंय. डाव हातानं मारत्यात, पण आधी पाय हलतोय. पाय हलला की टिपरू हललं पायजे. मागून वाजवून काय उपेग?"

येत्या चैत्रात नातवाला फडात आपल्या उजव्या अंगाला उभा करायचं त्यांनी ठरवलंय. नातू म्हणतो, सुट्टी मिळाली तर येतो.