एक भोपळा, दोन इतिहास
#थ्रेड

१/ तारकर्लीच्या एखाद्या परसात संध्याकाळी दुधी भोपळ्याची पांढरी फुले उमलतात. सकाळी शेजारच्याच वेलीवर लाल भोपळ्याची पिवळी फुले उघडतात. मराठीत दोघेही ‘भोपळा’च. इतिहास मात्र दोघांचा वेगळा.

२/ दुधी हा ‘लॅजेनेरिया’ प्रजातीचा. लॅटिनमध्ये ‘लॅजीना’ म्हणजे सुरई. मूळ आफ्रिकेचा हा वेल भारतात फार प्राचीन काळापासून आहे. संस्कृतात तो ‘अलाबु’.

३/ त्याच्या काही जातींचे फळ वाळले की साल लाकडासारखी कठीण होते. गोसाव्याची तुंबडी त्याचीच. एकोणिसाव्या शतकापासून मिरजेत घडणाऱ्या सतार-तंबोऱ्यांचा भोपळाही त्याचाच.

४/ पूर्वी पोहायला शिकताना मुलांच्या पाठीला सुका भोपळा बांधत, कारण तो बुडत नाही. समुद्रातही तो कित्येक महिने तरंगतो आणि आतले बी जिवंत राहते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए-अभ्यासाचा निष्कर्ष असा की, आफ्रिकेतील भोपळे अटलांटिकवर वाहत अमेरिकेला लागले असावेत. तेथील सर्वांत जुने अवशेष सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. कोलंबसाच्या कितीतरी आधीचे!

५/ लाल भोपळ्याचा प्रवास उलट्या दिशेचा. त्याची प्रजाती ‘कुकुर्बिटा’, जन्मभूमी अमेरिका. १४९२ नंतरच तो महासागर ओलांडून जुन्या जगात आला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि अमेरिकेतील अनेक पिकांना पश्चिम किनाऱ्याची वाट मोकळी झाली.

६/ नव्या पाहुण्याला मराठीने जुनेच नाव दिले. यात नवल नाही. १७५३ मध्ये खुद्द लिनिअसनेही दुधीला ‘कुकुर्बिटा’तच बसवले होते. ‘लॅजेनेरिया’ ही स्वतंत्र प्रजाती सेरिंज या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये मांडली.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाला यातून एक सावधगिरी शिकता येते. शब्द तोच राहतो, वस्तू बदलते. सोळाव्या शतकापूर्वीच्या मजकुरात ‘भोपळा’ भेटला, तर डोळ्यांसमोर लाल फोड आणणे हा कालविपर्यास ठरेल.

८/ हाच नियम स्वयंपाकघरालाही लागू होतो. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या होणारे लाल भोपळ्याचे घारगे निःसंशय पारंपरिक आहेत. पण ही परंपरा फार तर पाचशे वर्षांची. त्याच परसातला दुधी तिच्याहून हजारो वर्षांनी जुना आहे.