धार लावणे आणि धार राखणे

कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण ती शिकवतो. पण ती धार टिकते कशी, हे विचारायचं राहून जातं. आज तेवढंच पाहू.

पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरी वस्तरा बोथट होतोच. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाखवलं की धार नुसती झिजत नाही. केस ठरावीक कोनात वाकला की धारेचे अतिसूक्ष्म कपचे उडतात.

जुन्या न्हाव्याकडे यावर दोन उपाय होते. एक दगड, दुसरा चामड्याचा पट्टा. दगडावर वस्तरा धारेच्या बाजूने पुढे सरकवायचा. धातू घासला जातो, नवी धार येते. पट्ट्यावर नेमकं उलट. पाठ पुढे, धार मागे; वाकलेली बारीक कोर सरळ होते. वस्तरा उलटवायचा तोही पाठीवरून, नाहीतर पट्टाच कापला जाईल. दगड कधीमधी, पट्टा मात्र रोजचा. म्हणजे धार लावणं वेगळं आणि राखणं वेगळं.

आता असं बघा, रोज धार राखणारा माणूस ती कुठे चालवायची याचाही विचार करू शकतो. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला. शास्त्रार्थ करणारे पुष्कळ होते. वस्तरा मात्र न्हाव्यांच्या हातात होता.

पुढे जिलेट यांचं बदलायच्या पात्यांचं यंत्र आलं. १९०३ मध्ये त्याची जेमतेम ५१ यंत्रं आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळालं, आणि पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैनिकांच्या सामानात जाऊन बसलं. पातं बोथट झालं की फेकायचं. घरच्या दाढीतून दगड गेला, पट्टाही गेला.

आज सलूनमध्येही दर गिऱ्हाइकाला नवं पातं लागतं. रक्तातून पसरणारे रोग पाहता ते योग्यच आहे. जुन्या पट्ट्यासाठी हळहळण्याचं कारण नाही. पण एक प्रश्न उरतोच. ज्या हत्याराची धार आपण राखत नाही, ते कुणावर चालतं याकडे आपलं लक्ष राहतं का?